नानांची अकरावी वही

तीर्थरूप नाना,

यापुढे साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे. आज हात धजत नाही. रागावू नका.

पुण्याच्या प्रकाशकांचं पत्र येऊन आठवडा झाला. तुमच्या वह्यांचं पुस्तक करायचं त्यांनी पक्कं केलंय. राजकारण, परदेशच्या घडामोडी, नवी यंत्रं, समाजसुधारणा, सगळ्या विषयांवर मोठमोठ्या माणसांशी झालेली बोलणी एका जागी मिळतील म्हणून ते हरखून गेलेत. माझ्याकडून त्यांना दोन गोष्टी हव्यात. वह्यांत नुसती उत्तरं आहेत, तेव्हा तुमचे प्रश्न मी आठवून लिहायचे. आणि ‘आपल्या पूज्य वडिलांविषयी’ दोन पानांची प्रस्तावना द्यायची.

प्रश्न लिहून झाले, एक सोडून. प्रस्तावनेला मात्र चारदा बसले. चारही वेळा ‘माझे वडील’ असं सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीत ‘तुम्ही’ आलं. म्हटलं, आधी तुमच्याशी बोलून घ्यावं. तुम्हाला सगळं लिहून सांगायची सवय आहेच आम्हाला.

हिवतापात डॉक्टरांनी तुम्हाला कोयनेल पाजलं, ताप उतरला आणि कान गेले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. शाळा सुटली, हेडमास्तरकी गेली, पण वाचनालयाचं चिटणीसपण तुमच्याकडेच राहिलं. उन्हाळ्यात व्याख्यानं व्हायची. वक्ते आगबोटीने यायचे, मांडवीला पडावातून उतरायचे आणि अर्धेमुर्धे भिजलेले आपल्या ओटीवर मुक्कामाला यायचे. तुम्ही त्यांना पहिल्याच दिवशी ठणकावून सांगायचात, “मला तुमचं भाषण ऐकू येणार नाही. तेव्हा माझ्यासाठी वेगळं द्यावं लागेल. हे इथे, वहीत!”

मोठमोठी माणसं! मुकाट्याने मांडी घालून बसायची आणि शाळेतल्या पोरांसारखी उत्तरं लिहायची. पेन्सिलींना टोकं काढणं हे माझं काम. तुम्ही प्रश्न तोंडाने विचारायचात, तेही असे मोठ्याने की खालच्या विहिरीवरच्या बायका वर बघायच्या. म्हणून तर वह्यांत तुमचा एक शब्द नाही. आणि म्हणून तर सगळे प्रश्न मला पाठ!

ते बिनतारी यंत्राचे इंजिनीयर आठवतात? मुंबईत बोललेलं रत्नागिरीत घरबसल्या ऐकू येईल, असं त्यांनी पानभर लिहिलं. तुम्ही विचारलंत, “मलासुद्धा?” बिचाऱ्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली. मग लिहिलं, ‘नाही. क्षमा करा.’ तुम्ही हसलात. मग तुम्ही डोळे बारीक करून विचारलंत, “बरं, आणि त्या यंत्राच्या मुंबईच्या टोकाला बसणार कोण? सरकारच ना?” त्यावरचं त्यांचं उत्तर प्रकाशकांना फार आवडलंय: ‘मनोरा ज्याचा, आवाज त्याचा.’

आणि युरोपातून आलेले ते गृहस्थ! राष्ट्रसंघाच्या सभा बघून आले होते. आता पुन्हा महायुद्ध होणं नाही, असं त्यांनी मोठ्या झोकात दोन पानं भरून लिहिलं. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, “हे तुम्ही पाहिलंत, की कुणी तुम्हाला सांगितलं?” त्यांनी पेन्सिल घेतली आणि दोन्ही पानांवर उभी रेघ मारली. परवा प्रकाशकांनी विचारलं, खोडलेला मजकूर घ्यायचा का? मी लिहिलं, घ्या, रेघेसकट घ्या.

संशय हा तुमचा स्वभावच होता, नाना. कुणाचंही म्हणणं तुम्ही नाणं वाजवून घ्यावं तसं घ्यायचात. मला त्याचा केवढा अभिमान होता! वाटायचं, माझ्या वडिलांना कुणी फसवू शकणार नाही, आणि ते कुणाला फसवणार नाहीत.

विधवांची शाळा चालवणाऱ्या बाई आल्या होत्या, तेव्हा मी पंधरा वर्षांची असेन. तुम्ही विचारलंत, “मुली शिकल्या की संसार मोडतात, असं लोक म्हणतात. त्याचं काय?” त्यांनी लिहिलं, ‘मोडण्यासारखे असतील ते मोडतील.’ आणि एकाएकी पेन्सिल माझ्यापुढे धरली. “तुला काय विचारायचंय गो?” मी लाजून लाल झाले. पेन्सिल घेऊन लिहिलं, ‘काही नाही.’ पाचव्या वहीत ते अजून आहे. प्रकाशकांनी समासात खूण करून विचारलंय, हे अक्षर कोणाचं? काय सांगू? विचारण्यासारखं पुष्कळ होतं आणि मी ‘काही नाही’ लिहिलं. पुढेही तेच केलं.

आता राहिलेल्या प्रश्नाकडे येते.

मिठाच्या सत्याग्रहाचं साल. मी आणि हे तेव्हा तुमच्याजवळच राहत होतो. ह्यांची कलेक्टर कचेरीत नुकतीच कायम नेमणूक झाली होती. आई जाऊन वर्षं झाली होती आणि तुम्हाला एकटं ठेवणं बरं नाही, असं ह्यांनीच मला म्हटलं होतं. लोक घरजावई म्हणून चिडवत. हे हसून सोडून देत.

चैत्रात सदाशिवराव आले. पुण्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे, मूळचे दापोलीजवळच्या मुरुडचे. सगळ्या पाहुण्यांत वयाने लहान, जेमतेम अठ्ठावीस. बोलायला लागले की पन्ह्याचा पेला हातातच राहायचा. दोन दिवस तुम्ही त्यांना मिठावरच्या करावर पिळून काढलंत. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही विचारलंत, “आकडे कळले. आता तुम्ही स्वतः काय करणार ते सांगा.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. हाताने खूण केली, की हे बोलून सांगतो, लिहीत नाही. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही त्यांच्या कानाशी सांगा वहिनी. हे कागदावर नको.”

काही पोचणार नव्हतं, तरी मी तुमच्या कानाशी वाकले. तुम्ही मला हाताने बाजूला सारलंत, आठवतं? आणि म्हणालात, “बोललेलं वाऱ्यावर जातं. लिहा की! का, सहीला भिता?”

हाच तो प्रश्न. हाच मी अजून उतरवलेला नाही.

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी वही ओढली आणि एका दमात लिहिलं: ‘हा कायदा मोडणे हा मी माझा धर्म समजतो. माझ्या विद्यार्थ्यांनी कॉलेज सोडून तो मोडावा, असे मी त्यांना सांगितले आहे आणि सांगत राहीन.’ खाली पूर्ण नाव लिहिलं, सही केली. तुम्ही त्यांची पाठ थोपटलीत. “शाब्बास! याला म्हणतात उत्तर.”

पंधरवड्याने हर्णैला त्यांना धरलं. तिथे ते नुसते उभे होते, मीठ उचलायच्या आधीच धरलं, असं लोक सांगत होते. आम्हाला वाटलं, महिना-दोन महिने होतील. मग खटल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. मी ती माजघरात उभ्या उभ्या वाचत होते. सरकारी वकिलांनी आरोपीच्या स्वतःच्या हातचं लिखाण वाचून दाखवलं, असं म्हणून पुढे ते वाक्य छापलं होतं. ‘सांगितले आहे आणि सांगत राहीन.’ शब्दाला शब्द! दोन वर्षं सक्तमजुरी.

वर्तमानपत्र हातातच होतं. तशीच कपाटाशी धावले. दहा वह्या होत्या. अकरावी नव्हती.

बातमी तुमच्यापुढे धरली. पाटीवर लिहिलं, ‘अकरावी कुठे?’ तुम्ही बातमी वाचलीत. चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात. म्हणालात, “मला काय ठाऊक? चोरीला गेली असेल.”

मी लिहिलं, ‘कोण नेणार?’

हे तेव्हा कचेरीतून येऊन ओटीवर पायतण काढत होते. तुमची दाराकडे पाठ होती. तुम्ही म्हणालात, “कचेरीत जाणारं माणूस या घरात एकच आहे.”

केवढ्या मोठ्याने म्हणालात, नाना! विहिरीवरसुद्धा गेलं असेल. हे दारात थांबले. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. एका शब्दाने म्हटलं नाही, की नाना, काय बोलता हे! ह्यांनी पायतण पुन्हा चढवलं आणि बाहेर पडले ते दिवेलागणीला आले. जेवले, पानही खाल्लं, बोलले मात्र काही नाहीत.

आणि मला वाटलं, निर्दोष माणूस बोलला असता!

तिथून मी ह्यांच्यावर पाळत ठेवली. कोटाचे खिसे तपासले. कचेरीत नेतात त्या पिशवीत हात घालून बघितलं. कोण भेटायला येतं, काय बोलतात, दाराआडून ऐकलं. उरलेल्या वह्या पेटीत घातल्या आणि किल्ली कमरेला लावली. एक दिवस हे म्हणाले, “किल्ली माझ्यापासून लपवतेस?” मी म्हटलं, “नानांनी सांगितलंय.” तुम्ही सांगितलं नव्हतंत. पण किल्ली माझ्या कमरेला दिसली तेव्हा तुम्ही मान डोलावलीत, हे मी विसरलेले नाही.

गावात कुजबूज सुरू झाली. ‘बहिऱ्याच्या घराला कान आहेत,’ असं म्हणू लागले लोक. पुढल्या उन्हाळ्यात वक्ते दुसरीकडे उतरले. तुम्ही पांढरं उपरणं घालून दोन दिवस ओटीवर वाट बघितलीत. तिसऱ्या दिवशी चिटणीसपणाचा राजीनामा लिहून दिलात.

ह्यांनी देवगडला बदली मागून घेतली. निघताना मला विचारलं, “येतेस?” मी म्हटलं, “नानांकडे कोण बघणार?” ते म्हणाले, “तेही खरंच.” बस्स. तुम्ही जाईपर्यंत चार वर्षं आम्ही नवरा-बायको महिन्याला एक पत्र लिहीत होतो, आणि त्यात पाऊस कसा आहे आणि तांदूळ कसा मिळतो याखेरीज काही नसायचं.

तुम्हाला हे दिसत होतं ना? कान गेले होते, डोळे तर धड होते!

शेवटच्या आजारात तुम्ही एका दुपारी माझं मनगट धरलंत. म्हणालात, “यमू, त्याला बोलावून घे गो.” मी पाटीवर लिहिलं, ‘कशाला?’ तुम्ही पाटीकडे बघत राहिलात. मग म्हणालात, “राहू दे.”

काय राहू दे, नाना? मी तीनदा विचारलं. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. त्यानंतर चार दिवस होतात तुम्ही, पण त्या गोष्टीकडे पुन्हा वळला नाहीत. हे आले ते तुम्हाला खांदा द्यायला. दिवस होईपर्यंत राहिले आणि परत गेले. मी त्यांना थांबा म्हटलं नाही.

यंदा आपल्या लोकांचं नवं मंत्रिमंडळ आलं आणि जप्त केलेली कागदपत्रं ज्याची त्याला परत मिळू लागली. एक दिवस पोलिसांचा शिपाई दारात. हातात लाल फीत बांधलेली वही. म्हणाला, “इथे सही करा बाई.”

अकरावी!

मी ती ओटीवरच उघडली. सदाशिवरावांचं पान होतं. त्याखाली कुणीतरी निळ्या पेन्सिलीने रेघ ओढली होती. पान उलटलं तर पुढे वेगळंच अक्षर. वळणदार, शाळेत घोटून घेतलेलं. मला ओळखायला वेळ लागला नाही. ते तुमचंच वळण होतं, तुमच्या विद्यार्थ्याचं. त्या उन्हाळ्यात आपल्याकडे येऊन तुमच्या पाया पडून गेलेले ते नवे पोलीस अधिकारी. मला वहिनी म्हणायचे. मी त्यांना तळलेले गरे करून दिले होते.

त्यांनाही तुमच्याशी बोलायचं तर लिहूनच बोलावं लागलं. म्हणून ते सगळं तिथे आहे. तीन पानांत मिळून सहा-सात वाक्यं. मी ती इतक्या वेळा वाचलीत, की डोळे मिटले तरी दिसतात.

‘गुरुजी, जावईबापूंचे कचेरीत बरे चालले आहे ना?’

‘आपल्या घरी राजद्रोही लिखाण आहे अशी खबर वर गेली आहे. कोणी दिली ते मला सांगता येणार नाही.’

‘झडती झाली तर सरकारी नोकराच्या घरात सापडले असे होईल. त्यांची नोकरी जाईल, कदाचित अटकही.’

‘माझ्या हाती आपण होऊन दिलीत तर त्यांचे नाव कुठेही येणार नाही. मी आपला विद्यार्थी आहे.’

त्यापुढे पानाचा मधला भाग कोरा. आणि अगदी तळाला, घाईत लिहिलेलं:

‘रडू नका गुरुजी.’

वहीच्या शेवटच्या पानावर तुमचं अक्षर. इतक्या वह्यांत तुमच्या हातचं तेवढंच. ‘ही वही मी राजीखुशीने हजर करीत आहे. माझे जावई यांचा तिच्याशी काही संबंध नाही. त्यांना तोशीस लागू नये.’ सही, तारीख. त्या तारखेला मी पावसला मावशीकडे बारशाला गेले होते, आणि हे कचेरीत.

मी त्या पानावर हात ठेवून बसून राहिले. तुम्ही रडलात? आई गेली तेव्हा रडला नव्हतात तुम्ही. मला वाटलं, आत्ता तुम्ही समोर असतात तर मी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं असतं. म्हातारा, बहिरा माणूस, घरात एकटा, समोर आपणच शिकवलेला पोलीस. काय करणार होतात?

पण मग तुमचाच स्वभाव माझ्या अंगात जागा झाला. बाकी सगळ्या वह्यांत तुम्ही काय म्हणालात ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथे होते. या तीन पानांना मी नव्हते. त्या सहा-सात वाक्यांच्या मध्ये तुम्ही काय बोललात? नाही म्हणालात का, एकदा तरी? सदाशिवरावांचं पान फाडून बाकी वही देतो, असं म्हणून बघितलंत का? की जावयाचं नाव निघताच देऊन मोकळे झालात? खबर कोणी दिली, हे विचारलंत का? का तुम्हीच कुठे वाचनालयात, ‘आमच्या पाहुण्याने काय उत्तर लिहिलं बघा’ म्हणून ती वही मिरवली होतीत? तसा मोह तुम्हाला होता, नाना. मला ठाऊक आहे.

समजा, यातलं काहीच नाही. समजा, तुम्ही माझ्या संसारासाठीच ती वही दिलीत. मग पुढे महिना-दीड महिन्याने ओटीकडे पाठ करून ते वाक्य का बोललात? ज्याची नोकरी वाचवलीत, त्याचीच अब्रू घेतलीत? आपण किती मोठ्याने बोलतो हे कळत नाही, असं तुम्ही नेहमी म्हणायचात. आईचं श्राद्ध चालू असताना भटजींच्या चुका मात्र तुम्ही मला अगदी हलक्या आवाजात सांगायचात. मला सगळं आठवतं.

मी ह्यांना देवगडला दोन ओळी लिहिल्या: ‘वही परत आली. या.’ हे चौथ्या दिवशी आले. मी काही न बोलता वही पुढे केली. ह्यांनी ओटीवर बसून ती सगळी पानं वाचली, सावकाश, कचेरीतला कागद वाचावा तशी.

मी विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

“ठाऊक नव्हतं. पण त्या दिवशी नाना ओरडून बोलले ना, तेव्हा वाटलं. ज्याला माझा खरंच संशय असता त्याने मला समोर बसवून उलटतपासणी घेतली असती. नाना कुणाला सोडायचे का?”

“मग तुम्ही बोलला का नाहीत? मला का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस?” हे म्हणाले. आवाज चढला नव्हता. “मी वाट बघत होतो. आज विचारेल, उद्या विचारेल. तू खिसे तपासलेस.”

मला वाटत होतं ह्यांना कळलं नसेल! खिशातल्या घड्या मी होत्या तशाच घालायची.

मी माफी मागितली. हे “बरं” म्हणाले. माफ केलं असं नाही म्हणाले. तुम्हाला वाटत असेल, वही आली, खरं कळलं, आता सगळं सुरळीत होईल. तसं नाही होत. हे दोन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी चहा घेताना एकदम म्हणाले, “मुरुडला जायला हवं. त्या माणसाला अजून माझ्यावरच संशय असेल.”

आम्ही दोघं गेलो. सदाशिवराव आता घरच्या सुपारीच्या बागेचं बघतात. तुरुंगातून सुटल्यावर कॉलेजाने परत घेतलं नाही. केस पिकलेत, खोकला लागलाय. त्यांनी आधी ह्यांच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून थंडपणे म्हणाले, “या. बसा.” पाणी दिलं, पण स्वतः उभेच राहिले.

वही वाचून झाल्यावर मात्र खाली बसले. मग ह्यांना म्हणाले, “सात वर्षं मी तुम्हाला शिव्या देत होतो. रोज नाही. पण देत होतो.”

“आमच्या घरातही तेच चालू होतं,” हे म्हणाले. आणि दोघं हसले! मला हसू आलं नाही.

मी म्हटलं, “नानांना माफ करा.” ते म्हणाले, “वहिनी, सही माझी. मला कुणी हात धरून लिहायला लावलं नव्हतं. पण मी आत असताना माझी आई गेली. तिला अग्नी शेजाऱ्यांनी दिला. ते कुणाच्या नावावर लिहू, सरकारच्या, त्या अधिकाऱ्याच्या की नानांच्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माफ केलं म्हणालो तर ते खोटं होईल.”

पुस्तकाचं कळल्यावर त्यांनी एकच अट घातली. “माझं उत्तर छापा. खुशाल छापा. पण त्याच्या आधी नानांनी मला काय विचारलं तेही जसंच्या तसं छापा. आणि पुढची पानंही.”

हे मी प्रकाशकांना कळवलं. त्यांचं उत्तर आठवड्यापूर्वी आलेल्या त्या पत्रातच आहे. ती शेवटची पाने वगळावीत. त्यामुळे आपल्या पूज्य वडिलांविषयी वाचकांच्या मनात किंतु उत्पन्न होईल. आणि सदाशिवरावांना घातलेला प्रश्न थोडा सौम्य करावा. त्यांनी स्वतःच एक करून पाठवलाय: ‘आपली भावी कार्याची दिशा काय?’ वाचून मला संतापही आला आणि हसूही. असलं काही तुम्ही जन्मात विचारलं नसतंत!

खोटं कशाला बोलू, एक दिवसभर मी तो सौम्य प्रश्न कागदावर लिहून बघितला. छान दिसत होता. त्यात तुम्ही छान दिसत होतात. कुणाला कळणार होतं? प्रश्न माझ्याखेरीज कुणाला पाठ नाहीत. मग मनात आलं, बाकीचे प्रश्न तरी मी जसेच्या तसे लिहिलेत ना? की लेकीच्या हाताने तुम्हाला जरा धारदार, जरा भला माणूस करून ठेवलाय? मी ते सगळे पुन्हा तपासले. दोन ठिकाणी खरंच केला होता. दुरुस्त केले.

ह्यांनी देवगडहून परत इकडे बदलीचा अर्ज टाकलाय. मी विचारलं, “माझ्यासाठी?” म्हणाले, “बघू. पण आता तरी विचारलंस.” हे सुट्टीला आले की माजघरात आम्ही अजून एकमेकांशी जपून बोलतो, नवीन पाहुण्यांसारखं. पण बोलतो.

तर नाना, तुम्हाला वचन देते ते हे. ‘का, सहीला भिता?’ हाच प्रश्न त्या पानावर जाईल. त्याखाली सदाशिवरावांचं उत्तर, त्यापुढे त्या अधिकाऱ्याची वाक्यं, ‘रडू नका गुरुजी’सकट, आणि शेवटी तुमचं राजीखुशीचं पान. जिथे तुम्ही काय बोललात ते मला ठाऊक नाही, तिथे मी कोरी जागा सोडीन. तुमच्या बाजूने भरणार नाही आणि तुमच्या विरुद्धही भरणार नाही. पुण्याचे प्रकाशक नको म्हणाले तर इथल्या छापखान्यात छापून घेईन. लोक तुम्हाला नावं ठेवतील. ठेवू देत. थोडे जण, ज्यांच्यासमोर असा कुणी अधिकारी कधी येऊन बसला असेल, ते ठेवणार नाहीत.

तुम्ही असतात तर ओटीवरून ओरडला असतात, “यमू, हे छापायचं नाही!” साऱ्या आळीला ऐकू गेलं असतं.

ओरडा, नाना. मी छापणार.

तुमची मुलगी,
यमू